भिंतीला काय माहीत असतं? लिओनार्दो, वाशीमचे वाकाटक आणि आजीची पांढरी माती

अकोल्याहून बोलतेय. मागे जी घरघर ऐकू येतेय ती कूलरची आहे. मे महिन्यात अकोल्यात कूलर बंद करून रेकॉर्डिंग करायची हिंमत माझ्यात नाही, तेव्हा आज तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या आठवड्यात अमरावतीहून एका मुलाची व्हॉइस नोट आली. नुकतीच दहावी झालीय त्याची. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. आणि आता घरी वाद सुरू आहे. बाबा म्हणतात सायन्स घे, चित्रं काय, रविवारी काढता येतात. त्याने विचारलंय, "ताई, खरं सांगा, दोन्ही एकत्र जमतं का? की एक सोडावंच लागतं?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मीही याच फाट्यावरून गेलेय. मी सायन्स घेतलं आणि माझी चित्रकला जीवशास्त्राच्या जर्नलमध्ये जाऊन बसली. आठवतं ना? "सुबक व नामनिर्देशित आकृती काढा." मी हृदयाच्या आकृतीला छान छाया दिली, तर शेरा मिळाला, "शेडिंग नको." बस, तिथे माझी चित्रकला संपली.

तर आजचा भाग त्या मुलासाठी. सुरुवात इटलीतून करू, पण काळजी नको, वाशीममार्गे परत घरीच यायचंय.

चित्रकार आणि वैद्य एकाच संघात

साधारण ५०० ते ६०० वर्षांपूर्वीचं फ्लोरेन्स शहर. तिथे प्रत्येक धंद्याचा एक संघ असायचा. चित्रकार कोणत्या संघात होते? वैद्य आणि औषधविक्यांच्या! कारण अगदी व्यवहारी आहे. रंग म्हणजे कुटलेले दगड, माती, झाडांचे रस. ते मिळायचे औषधाच्या दुकानात. म्हणजे चित्रकार आणि डॉक्टर एकाच काउंटरवर उभे राहायचे. त्या काळातल्या माणसाला आपल्या मित्राचा प्रश्न, "सायन्स की चित्रकला", कदाचित कळलाच नसता.

तिथे ब्रुनेलेस्की नावाचा माणूस होता. मोठ्ठ्या घुमटाचा बांधकाम करणारा. त्याने दूरची वस्तू लहान कशी दिसते याचं गणित बसवलं. मूर्तिजापूरला शकुंतलेचे रूळ पाहिलेत ना? मधे उभं राहिलं की दोन्ही रूळ लांब जाऊन एका ठिपक्यात मिळाल्यासारखे दिसतात. तो ठिपका कागदावर नेमका कुठे घ्यायचा आणि बाकीच्या रेषा तिथे कशा आणायच्या, हे गणिताने ठरवता येतं. १४३५ मध्ये आल्बेर्ती नावाच्या विद्वानाने यावर पुस्तकच लिहिलं. चित्र काढण्यासाठी भूमिती शिका, असं सांगणारं पुस्तक.

आणि मग लिओनार्दो दा विंची. १४५२ ते १५१९. मोनालिसा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ती सोडून देऊ. मला त्याची दुसरी गोष्ट सांगायचीय. १५०७-०८ च्या हिवाळ्यात तो फ्लोरेन्सच्या एका हॉस्पिटलमध्ये एका म्हाताऱ्याशी गप्पा मारत बसला होता. म्हातारा म्हणाला, माझं वय १०० च्या वर आहे आणि मला अशक्तपणा सोडला तर काही त्रास नाही. थोड्याच वेळात तो शांतपणे गेला. लिओनार्दोने काय केलं? इतकं शांत मरण कशामुळे आलं हे बघायला त्याने त्याचं शवविच्छेदन केलं. त्याला दिसलं की म्हाताऱ्याच्या रक्तवाहिन्या जाड होऊन आतून अरुंद झाल्यात. हे त्याने लिहिलं आणि चित्रही काढलं. आज कार्डिओलॉजिस्ट ॲंजिओग्राफीत जे बघतात, ते एका चित्रकाराने तेव्हा पाहिलं.

बैलाच्या हृदयावरही त्याने काम केलं. रक्त हृदयातून बाहेर पडताना झडपेपाशी त्याचे भोवरे होतात आणि ते भोवरे झडप मिटायला मदत करतात, असं त्याने मांडलं. हे कळायला त्याने काचेच्या नळीसारखी प्रतिकृती करून त्यातल्या पाण्यात गवताचं बी सोडायचं योजलं, म्हणजे पाणी कसं फिरतं ते दिसेल. विसाव्या शतकात प्रयोग झाले तेव्हा तो बरोबर निघाला.

त्याच्यासाठी चित्र हा पुरावा होता. हात कसा वळतो हे माहीत नसेल तर हात काढता येत नाही. आणि काढायला बसल्याशिवाय आपल्याला काय माहीत नाही, हे कळत नाही. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा. आपण त्याकडे परत येणार आहोत.

आता वाशीम

अकोल्याहून वाशीम दोन तास. १९९८ पर्यंत तर तो अकोला जिल्ह्याचाच भाग होता. बस स्टँड, बालाजी मंदिर, एवढंच आपल्याला माहीत असतं. पण या गावाचं जुनं नाव वत्सगुल्म आणि ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे हरिषेण नावाचा राजा होता. त्याच्या मंत्र्याचं नाव वराहदेव. या वराहदेवाने एक लेणं कोरून घेतलं आणि तिथे शिलालेख ठेवला. कुठे? अजिंठ्याला. १६ क्रमांकाचं लेणं.

अजिंठ्याची पहिली लेणी याच्याही कितीतरी आधीची आहेत. पण आपण पोस्टरवर, कॅलेंडरवर जी चित्रं बघतो, १, २, १६, १७ क्रमांकाच्या लेण्यांतली, ती बहुतेक याच वाकाटक काळातली. लिओनार्दोच्या हजार वर्षं आधीची. आम्ही खामगाव, बुलढाणा करत अजिंठ्याला सहलीला गेलो होतो तेव्हा हे कोणीच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी तरी जरा ताठ मानेने उतरले असते गाडीतून.

१६ मध्ये एक चित्र आहे, "मरणासन्न राजकन्या" या नावाने प्रसिद्ध. खरं तर ती नंदाची बायको सुंदरी. नवरा भिक्षू झाल्याची बातमी आली आणि ती कोसळली. ते चित्र मोबाइलवर झूम करून बघा. मान कलंडलेली, डोळे अर्धे मिटलेले, हातापायांतला जोर गेलेला. मागून एक दासी तिला धरून बसलीय. शुद्ध हरपताना शरीर कोणत्या क्रमाने सैल पडतं, हे ज्याने नीट बघितलंय त्याच्याच हातून हे निघतं. त्या चित्रकाराने शवविच्छेदन केलं होतं का? तसा काही पुरावा नाही. पण तो माणसांकडे डॉक्टरच्या नजरेने बघत होता, हे मी म्हणेन.

१ क्रमांकाच्या लेण्यात एका खांबावर चार हरणं कोरलीत. चौघांत मिळून डोकं एकच. कोणत्याही हरणाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं. आपला डोळा कसा फसतो याची पूर्ण कल्पना असलेल्या माणसाचं हे काम आहे.

भिंत कशी उभी राहते

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते चित्राच्या मागचं. भिंत.

अजिंठ्याचा दगड म्हणजे आपल्याकडचाच काळा पाषाण, बेसाल्ट. त्यावर रंग थेट बसत नाही. म्हणून आधी दगड छिन्नीने खडबडीतच ठेवला, गिलावा पकडायला. मग मातीचा थर. त्यात खडीची बारीक कच, वाळू, भाताचा तूस, गवत, झाडांचे तंतू. मग आणखी बारीक मातीचा थर. आणि वर पांढरा हात, अंड्याच्या टरफलाएवढा पातळ. तो वाळला की त्यावर डिंक किंवा सरसासारख्या चिकट द्रवात कालवलेले रंग.

हे ऐकलं आणि मला आजी दिसली. आकोट तालुक्यात आमचं जुनं घर, मातीचं, वर धाबं. दिवाळीच्या आधी आजी भिंती छाबायची. माती भिजवायची, त्यात कुटार टाकायचं, पायाने तुडवायचं. मग वरून पांढऱ्या मातीने पोतारायचं. मी लहान, मला घाई. ती म्हणायची, "माती मुरू दे व बाई. घाई केली त भेगा पडतीन." अजिंठ्याची भिंत आणि आजीची भिंत, पद्धत एकाच घराण्यातली. कुटार काय करतं? माती वाळताना आक्रसते, तेव्हा ते धागे तिला धरून ठेवतात. आज काँक्रीटमध्ये फायबर टाकतात, तेच काम.

रंगांचं बघा. पिवळा आणि तांबडा म्हणजे गेरूच्या जातीच्या माती. काळा म्हणजे काजळी. हिरवा म्हणजे एक हिरवी माती, जी याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये सापडते. म्हणजे जवळजवळ सगळं दुकान आसपासच्या डोंगरातच. एक रंग सोडून. निळा. तो लाजवर्द दगडाचा, आणि तो आला अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून. गंमत म्हणजे हजार वर्षांनी इटलीतले चित्रकार मेरीच्या निळ्या वस्त्रासाठी हाच दगड वापरत होते आणि तो मिळवायला सोन्यासारखे पैसे मोजत होते. वाशीमच्या राजाच्या काळातला निळा आणि फ्लोरेन्सचा निळा, एकाच डोंगरातला!

लिओनार्दोची भिंत उडाली

आता एक उलटी गोष्ट. लिओनार्दो एवढा शास्त्रज्ञ, पण भिंतीच्या बाबतीत फसला.

इटलीत भिंतीवर चित्र काढायची पक्की पद्धत होती, फ्रेस्को. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावरच रंग लावायचा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचा पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात अडकतो. अत्यंत टिकाऊ. पण अट एकच, गिलावा ओला आहे तोवर त्या दिवसाचा तुकडा संपवायचा. मायकेलअँजेलोने सिस्टीन चॅपेलचं छत असंच रंगवलं.

लिओनार्दोला ही घाई मान्य नव्हती. त्याला एक बोट रंगवून तीन दिवस विचार करायचा होता. म्हणून मिलानमध्ये १४९५ ते १४९८ च्या दरम्यान "लास्ट सपर" काढताना त्याने वाळलेल्या भिंतीवर स्वतःचा नवा प्रयोग केला. तो जिवंत असतानाच चित्राला पापुद्रे सुटायला लागले. १९७८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती सुरू झाली, ती १९९९ ला संपली.

अजिंठ्याचं चित्रही वाळलेल्या भिंतीवरच आहे. ते दीड हजार वर्षं, पावसाळे झेलत, वटवाघळांसोबत का होईना, बरंचसं टिकलं. यात लिओनार्दोला कमी लेखायचं नाही. त्याचा तो एकट्याचा पहिलाच प्रयोग होता. अजिंठ्याच्या कारागिरांच्या पाठीशी कित्येक पिढ्यांच्या फसलेल्या भिंती असणार.

आणि ऐका, गोष्ट इथे फिरते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रं वाचवायला तज्ज्ञ बोलावले. कुठून? इटलीहून. लोरेन्झो चेकोनी आणि त्यांचे सहायक ओर्सिनी. त्यांनी सुटलेले पापुद्रे चिकटवले, मोठं काम केलं. पण वरून संरक्षण म्हणून शेलॅकचा हात दिला. शेलॅक म्हणजे लाखेचं पॉलिश, जुन्या फर्निचरला असतं ते. काही वर्षांत ते पिवळं पडलं आणि चित्रं झाकोळली. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर हळूहळू काढत बसावं लागलं. हेतू चांगला होता. पण त्या भिंतीचं मूळ शास्त्र सांगणारं तिथे कोणी उरलं नव्हतं.

वही कुठे आहे?

इथे माझा मुद्दा येतो.

आपल्याकडे चित्रकलेवर ग्रंथ होते. विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र आहे. त्यात शरीराची मापं आहेत, छाया देण्याचे प्रकार आहेत, भिंत तयार करायची कृतीसुद्धा आहे. पण ती कृती विटांच्या भुकटीची आहे आणि अजिंठ्याची भिंत मातीची. अजिंठ्यात मातीत काय किती घातलं, काय फसलं, काय बदललं, हे ज्यांना माहीत होतं त्यांची वही आपल्याकडे नाही. म्हणून आज शास्त्रज्ञ कणभर पापुद्रा घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ते ज्ञान पुन्हा शोधतात.

२०१६ मध्ये "करंट सायन्स" या नियतकालिकात एक निबंध आला. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले. हो, तीच भांग. अजिंठ्यात ते सापडत नाहीत, आणि तिथल्या चित्रांचं किड्यांनी बरंच नुकसान केलंय. संशोधकांचं म्हणणं, वेरूळला या तंतूंमुळे कीड दूर राहिली. म्हणजे अजिंठ्यानंतर कोणाला तरी काहीतरी सुचलं होतं. कोणाला? कसं? लिहिलेलं नाही.

लिओनार्दोने लिहिलं. त्याच्या वह्यांची ७,००० च्या वर पानं आजही आहेत, आरशातल्यासारखी उलट्या अक्षरांत. पण त्याने छापलं नाही. त्याची शरीराची चित्रं शेवटी इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात पडून राहिली आणि नीट छापली गेली १९०० च्या सुमारास. मधली जवळजवळ ४०० वर्षं डॉक्टरांना त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो वेसालियसचा. तो डॉक्टर. १५४३ मध्ये त्याने शरीररचनेवर चित्रांसह भलंमोठं पुस्तक छापलं आणि वैद्यकशास्त्राची दिशा बदलली.

पुण्यातलं नाक

चित्राने शास्त्र कसं वाहून नेलं याचं मराठी मुलखातलं उदाहरणही आहे.

कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान, इंग्रज फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैन्याने त्याला पकडलं, नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस विटा पाडणाऱ्या समाजातला. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा. तो उलगडून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोलायची, पण दोन भुवयांमधला एक देठ तसाच ठेवायचा म्हणजे रक्त चालू राहील. मग ती कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवायची. साधारण २५ दिवसांनी देठ कापायचा.

इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली. आणि तेव्हा पुण्यात जेम्स वेल्स नावाचा चित्रकार होता, ज्याच्यासोबत गंगाराम तांबट हा आपला मराठी चित्रकारही काम करायचा. वेल्सने जानेवारी १७९४ मध्ये नव्या नाकासह कावसजीचं चित्र काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनच्या "जंटलमन्स मॅगझिन"मध्ये त्या चित्रावरून केलेली आकृती आणि कृती छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया करून दाखवली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचा इतिहास सांगताना हे पान वगळता येत नाही.

त्या छापील मजकुरात कावसजीचं नाव आहे. ज्याने नाक बसवलं त्याचं नाव नाही.

तर, दोन्ही जमतं का?

अमरावतीच्या मित्रा, आता तुझं उत्तर. कॉलेजच्या फॉर्मवर एकच रकाना भरावा लागतो, ते खरं आहे. त्यात काय लिहायचं ते तू आणि बाबा मिळून ठरवा. फी, नोकरी, घर, हे सगळं बघावंच लागतं, मी कोण सांगणारी. पण फॉर्मवरचा रकाना आणि हातातली वही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वहीत दोन्ही ठेव. अजिंठ्याची चित्रं आज जे वाचवतायत ते केमिस्ट्री शिकलेले लोक आहेत. आणि डॉक्टर झालास तरी जे काढून बघितलं नाहीस ते पूर्ण बघितलेलं नसेल. बाबांना हा भाग ऐकव. नाही पटलं तर नाक कसं बसवलं तेवढा तुकडा तरी ऐकव!

आणि एक माझं. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. माझ्या फोनमध्ये तिचे कितीतरी व्हिडिओ आहेत. नातवाच्या वाढदिवसाला फेटा घातलेली, रिमोट उलटा धरून टीव्हीवर चिडलेली. भिंतीचा एकही नाही. या पावसाळ्याआधी आम्ही जुन्या घराची मागची भिंत छाबायला घेतली. माती कुठल्या खदानीतली, कुटार तुरीचं की गव्हाचं, किती दिवस मुरवायचं, कोणालाच नक्की सांगता आलं नाही. काकू म्हणाली, "बुढीले माहीत होतं न सगळं." आम्ही अंदाजाने केलं. आठ दिवसांत भेगा पडल्या. मी त्या भेगांचे फोटो काढले, खाली मातीचं प्रमाण लिहिलं आणि तारीख टाकली. पुढच्या वेळी कुटार वाढवून बघणार.

तुमच्या घरात कोणीतरी असेल, ज्याच्या हाताला काहीतरी माहीत आहे. सरकीवरून कपाशी ओळखणारा काका, विहिरीचा दगड वाचणारा गवंडी, सांडगे कधी वाळले हे बोटाने सांगणारी मावशी. या रविवारी त्यांच्यापुढे बसा. फोन सुरू करा, विचारा, किती, कशाने, का. आणि एक कागद घेऊन ते काढूनही बघा. वाकडं आलं तरी चालेल. जिथे हात अडेल तिथे पुढचा प्रश्न विचारा. आणि त्यांचं नाव लिहायला विसरू नका.

काय सापडलं ते मला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवेन. आता कूलरमध्ये पाणी टाकायला उठते. काळजी घ्या, उन्हात फिरू नका. भेटू.